कट

उद्यमनगरात सकाळी साडेसातला,
भोंगा व्हायच्या आत
कृष्णातच्या गाड्यावर आम्ही दोघं.
ताटलीत मटकी, फरसाण, वर मूठभर कांदा,
आणि कृष्णात न विचारता ओततो कट,
लाल, तेलकट, पार कडेपर्यंत.
पावाचे पैसे पडतात इथं. कट फुकट.
हवा तेवढा मागा.

हिंदुराव बावीस वर्षं लेथवर आहे.
शाफ्टवरनं अंगठा फिरवतो, डोळे मिटतो,
म्हणतो, केसभर जास्त हाय.
तरी मायक्रोमीटर लावल्याशिवाय
एक नग पुढं सोडत नाही.
हाताचं काय खरं न्हाई लगा,
मापानं सांगितलं पायजे.

तोच हिंदुराव तेलकट बोटानं फोन पुढं करतो.
फोनमध्ये धरणाचं दार, रात्रीचे दोन,
काचा काळ्या केलेली एक गाडी,
आणि मागनं कुणाचा तरी भरल्या गळ्याचा आवाज.
"बघ. पूर आला न्हाई. पूर आणला.
आमास्नी बुडवून काठ रिकामा करायचा हुता त्यास्नी."
कुणाला?
"त्यास्नी."
मान वर करतो.
वर ताडपत्री आहे. ताडपत्रीवर कावळा.

मी हसत नाही.
कुंभार गल्लीतली त्याची भिंत मी पाहिलीय.
पाण्याची रेघ त्याच्या बापाच्या फोटोत
हनुवटीपाशी थांबली होती.
पंचनाम्याला आलेला माणूस दारातनंच वाकून बघून गेला,
कागदावर लिहिलं : घोट्याइतकं पाणी.
आणि यादीत नाव निघालं
तिसऱ्या मजल्यावरच्या, पुण्यात राहणाऱ्या एकाचं.
तो कट खरा होता.
लहान होता, चार सह्यांचा, एका शिक्क्याचा.
त्याचा व्हिडिओ कुणी केला नाही.

मग मैदानात तो आला, गाडीच्या टपावर चढला.
नाव सांगत नाही. नावं बदलतात, टप तोच.
म्हणाला, तुम्ही साधी माणसं,
तुमच्याच घरात तुम्हाला परकं कुणी केलं?
बावीस वर्षांत ज्याला कुणी
जॉबकार्डावरच्या सहीशिवाय काही मागितलं नव्हतं,
तो हिंदुराव त्या संध्याकाळी जनता झाला.
आख्खीच्या आख्खी. एकटा.
घरी आला तेव्हा, वहिनी सांगत होत्या,
चप्पल काढायची विसरून कॉटवर बसला होता,
आणि चेहरा, लग्नात होता तसा.

आता असल्या माणसापुढं
मी काय ठेवणार? पावसाचे आकडे?
ठेवले.
नऊ दिवसांचे, पाणलोटातल्या एकेका गावाचे,
वहीचं पान फाडून, पट्टीनं रेघा मारून.
त्यानं पान शाफ्टसारखं धरलं, अंगठा फिरवला,
डोळे मिटले.
मला वाटलं, आता.
"आकडं कुणी दिलं तुला?"
सरकारी आहेत.
"मग झालं की."

माप घ्यायचं ते कशानं,
मापच ज्यानं चोरलंय असं वाटतं त्याला?
हे मी बोललो नाही. चमचा फिरवत बसलो.
"तू बी आता हापिसात बसतुयास," तो म्हणाला,
"कॉलर पांढरी ऱ्हाती तुझी."
रागानं नव्हे. कीव आल्यासारखं.
बाकावर आमच्या मधी
वीतभर जागा झाली, कुणी सरकलं नसताना.

कृष्णात भगुणं घेऊन आला.
घालू?
हिंदुरावनं ताटली पुढं केली.
मीही केली.
सकाळचा दुसरा कट जास्तच तिखट असतो, तळाचा.
दोघांच्याही नाकाडोळ्यांतनं पाणी.
त्यानं खिशातनं कापूस काढला, मशिन पुसायचा,
अर्धा मला फाडून दिला.

भोंगा झाला.
पावाचे पैसे त्यानंच दिले, नेहमी तोच देतो,
उरलेली चिल्लर दोनदा मोजली,
आणि मला पुढं घालून
फाटकातनं आत आला.